हाडांचा गुरुवार

सकाळी ६

आमच्या घराची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि तिच्यापलीकडे तान्हं बाळ झोपतं. म्हणून सकाळचा रियाज मोज्यातला. गाईच्या बरगडीचे वीतभरापेक्षा थोडे कमी लांबीचे दोन कमानदार तुकडे, त्यांच्या वरच्या टोकांवर जुने लोकरी मोजे, आणि चहाला उकळी येईपर्यंत मनगट चालू. ठप्प-ठप्प एवढाच आवाज येतो. लय सुटली तर मात्र ती मोज्यातूनही ऐकू येते.

आयर्लंडमध्ये या वाद्याला नुसतं ‘बोन्स’ म्हणतात. वाजवायला ते फार सोपं आहे, असं पहिल्या पाच मिनिटांत वाटतं. एक हाड तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरायचं, त्याचं खालचं टोक अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावर घट्ट टेकवायचं. दुसरं मधल्या बोटात आणि अनामिकेत, सैल. फुगीर बाजू समोरासमोर. पहिलं अजिबात हलू द्यायचं नाही. दुसरं हलतं, पण ते आपण हलवायचं नसतं. कोपरापासूनचा हात दाराची मूठ फिरवावी तसा फिरवला की ते आपणहून जाऊन आपटतं.

माझा हात वाढला चिपळ्यांवर. आजोबा कीर्तन करायचे, मी मागे उभा. चिपळी मिटली की वाजते, म्हणजे जोर हवा असेल तर पंजा आवळायचा. इथे पंजा आवळला की आवाज मेलाच. वीस वर्षांची सवय बोटांतून काढणं नवं काही शिकण्यापेक्षा अवघड जातं.

पावणेसात

आईचा फोन. तिकडे सव्वाअकरा वाजलेले, पूजा आटोपलेली. गुरुवार म्हणजे तिचा दत्ताचा उपास.

“आज गुरुवार आहे, लक्षात आहे ना?”

“आहे.”

“आणि आजच जाणार का ते हाडं वाजवायला?”

“क्लास गुरुवारीच असतो गं.”

“अरे, लाकडाची घे की! आपल्या चिपळ्या काय वाईट होत्या?”

लाकडाचीही आहेत माझ्याकडे, शिसवी. बरेच जण लाकडाचीच वाजवतात. पण लाकूड बोलतं ते जरा गोल, दाणा मोठा. हाडाचा दाणा बारीक आणि टोकदार असतो आणि चार फिडलींच्या मधून तो स्वच्छ निघतो. हे आईला समजावून सांगायच्या फंदात मी पडत नाही. “बघतो,” म्हणतो.

साडेसात

कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या औषध कारखान्यांच्या पट्ट्यात मी गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. पाळी आठला सुरू होते, मी अर्धा तास आधी पोचतो, कारण दिवसभरात मोकळ्या आवाजात वाजवता येण्यासारखी एकच जागा आहे: पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असलेली माझी गाडी, काचा वर. समोर बंदर, पलीकडे हॉलबोलाइन बेटावर आयरिश नौदलाचा तळ. बंद गाडीत हाडांचा आवाज कानठळ्या बसवतो. दहा मिनिटांच्या वर बसवत नाही.

या वाद्याचा खरा प्रश्न हाच आहे. त्याला आवाज कमी करायची सोय नाही. तबल्यावर हलक्या हाताने बोल घोकता येतात, बासरी हळू फुंकता येते. हाडं एक तर वाजतात, नाही तर वाजत नाहीत. त्यामुळे शिकणाऱ्याचा निम्मा वेळ आपण कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागा शोधण्यात जातो, आणि सुरुवातीच्या काळात ते समाजाच्या भल्याचंच असतं.

स्पीकरवर द चीफटन्सची सुरुवातीची रेकॉर्ड. १९६६ ते १९७६ या काळात त्यांच्याकडे पेडर मर्सियर बौरान आणि हाडं वाजवत. बौरान म्हणजे एका बाजूने मढवलेली, डफासारखी चौकट. त्यांचे चिरंजीव मेल मर्सियरही दोन्ही वाजवतात, आणि त्यांनी इथल्याच कॉर्क विद्यापीठात संगीत शिकवलं. पेडर किती ठिकाणी वाजवत नाहीत हे मोजत मी ऐकतो. अख्खी धून गप्प राहतात, मग दुसऱ्या फेरीत चारच ठोके.

सकाळी ८ ते दुपारी १२

पांढरा कोट, चष्मा, हातमोजे. हाडं लॉकरमध्ये, प्रयोगशाळेत खासगी वस्तू न्यायची नाही. नमुने वजन करणं, द्रावणं करणं, यंत्रावर लावणं, नोंदवहीत सही. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

साडेबारा

जेवणाच्या टेबलावर एकाने विचारलं, हे हाडांचं वाद्य मूळचं आयरिशच ना? मी म्हटलं, कुणाकुणाचं म्हणायचं! प्राचीन इजिप्तमध्ये हस्तिदंताचे, टोकाला माणसाचा पंजा कोरलेले टाळ होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते पाहायला मिळतात. शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये गाढवाचं डोकं चिकटलेला बॉटम चिमटा आणि हाडांचं संगीत मागतो. राजस्थानातले मांगणियार शिसवीच्या दोन-दोन मोकळ्या पट्ट्या एकेका हातात धरून खडताल वाजवतात. तो आमच्या वाद्याचा सख्खा भाऊ नसेल, पण मनगटाचं काम ओळखीचं वाटतं.

मग अमेरिका. हा भाग पबमध्ये सहसा निघत नाही. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ नावाची मंडळी उभी राहिली: चार गोरे पुरुष, तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे. त्यात फ्रँक ब्राउअर हाडं वाजवायचा. पुढे अशा प्रत्येक तमाशात रांगेच्या एका टोकाला डफवाला आणि दुसऱ्या टोकाला हाडंवाला विदूषक ठरूनच गेला. हा खेळ तिकडे दशकानुदशकं गर्दी खेचत राहिला. हाडांच्या लोकप्रियतेचा मोठा हिस्सा या घाणीतून आलेला आहे, आणि तो गाळून इतिहास सांगणं मला खोटेपणाचं वाटतं. अलीकडे डॉम फ्लेमन्ससारख्या कृष्णवर्णीय कलावंताने ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’मध्ये ती हाडं पुन्हा हातात घेतली. तो दोन्ही हातांनी वाजवतो. आयर्लंडात बहुतेक जण एकाच हाताने वाजवतात.

विचारणारा मान डोलावून सूप पीत राहिला. त्याला फक्त हो किंवा नाही एवढंच हवं होतं बहुधा.

संध्याकाळी ५

घरामागच्या शेडमध्ये नवी जोडी तयार होते आहे. घरात होत नाही, कारण पहिल्याच दिवशी बायकोने सांगून टाकलं: स्वयंपाकघरात हाड शिजणार नाही, आणि शिजलं तर ते पातेलं परत आत येणार नाही. म्हणून शेडमध्ये कॅम्पिंगची शेगडी आणि एक बाटलेलं पातेलं.

बरगड्या कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमधून आणल्या. १७८८ पासूनचा हा बाजार, खाटकांची ओळ तिथे अजून चांगली आहे. “सूपसाठी का?” खाटकाने विचारलं. वाजवायला म्हटल्यावर तो आत गेला आणि शेजारशेजारच्या दोन बरगड्या निवडून घेऊन आला, जाड आणि शक्य तितक्या सपाट. रुंदी आणि वाक जुळला तर जोडी जुळते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याचे काका वाजवायचे म्हणे.

उकळायचं, मांस खरवडायचं, पुन्हा उकळायचं. पांढरंशुभ्र दिसावं म्हणून ब्लीचमध्ये बुडवण्याचा मोह होतो, पण ब्लीच हाडाला आतून खातं, ते ठिसूळ होतं आणि आवाज फुटका येतो. मग आठवडेच्या आठवडे वाळवण. आपल्याकडे चार दिवसांच्या उन्हात झालं असतं. इथे ऊन अर्ध्या तासाच्या हप्त्याने मिळतं. वाळल्यावर हॅक्सॉने लांबीला कापायचं. बरगडी आतून जाळीदार असते, तिथे उरलेली चरबी नीट निघाली नाही तर पुढे वास मारते. शेवटी सँडपेपर, आधी खरखरीत, मग बारीक, आणि तोंडाला मास्क, कारण हाडाची भुकटी नाकात गेलेली चांगली नाही.

आज एक टोक गोल केलं. दोन तुकडे बोटांत धरून एकदाच टकटकवले. शेजारच्या घरातून काही आवाज आला नाही, म्हणून आणखी एकदा.

संध्याकाळी ७

शिकवणारे आजोबा शहराच्या उत्तर टेकडीवर राहतात, आयुष्यभर गोदीत काम केलेले. इथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून मी नावच घेत नाही. त्यांची जोडी हाताच्या घामाने चहाच्या रंगाची झालेली.

“रोल दाखव.”

रोल म्हणजे एका झटक्यात तीन ठोके. हात गेला, आला, गेला: टरक्क. सुटा ठोका तो टक. एवढे दोनच बोल, आणि त्यातून सगळं उभं करायचं. जिग सहा मात्रांची, तीन-तीन. माझं डोकं तिथे लगेच दादरा धरतं. रील आठाची, तो केरवा. हिशेब बरोबर आहे, पण धूर्त आहे, कारण दादऱ्यात माझा हात पहिल्या मात्रेला समेवर येतो आणि तिथेच मुक्काम करतो. जिगमध्ये वजन सरकत राहतं, बसत नाही.

“तू दर वेळी घरी पोचतोस,” आजोबा म्हणाले. “अजून धून संपलेली नाही.”

मग त्यांनी माझ्या दंडाखाली वर्तमानपत्राची सुरळी धरली आणि ती न पाडता वाजवायला लावलं, म्हणजे हात खांद्यातून न हलता कोपराखालीच फिरतो. रोल साफ आला. सुरळी काढली, रोल पुन्हा गढूळ.

रात्री साडेनऊ

कोबर्ग स्ट्रीटवरच्या पबमध्ये दोन फिडली, एक कॉन्सर्टिना, बासरी आणि कोपऱ्यात बौरान. व्यासपीठ नाही, माईक नाही, टेबलाभोवती बसायचं. एक धून साधारण तीनदा, मग न थांबता दुसरी, मग तिसरी. इथले नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. तालवाद्यवाल्याने सुरुवात करायची नाही. बौरान चालू असेल तर हाडांनी वाट बघायची. संथ गीताला हात खिशात. आणि नवशिक्याने कुणीतरी मानेने खूण केल्याशिवाय काहीच करायचं नाही.

पहिला पाऊण तास मी लिंबूसोडा प्यायलो. मग केरी-कॉर्कच्या सीमेवरच्या, स्लीव लुआख्र भागातल्या पोल्का सुरू झाल्या, दोन मात्रांच्या, उड्या मारणाऱ्या. बौरानवाला ग्लास भरायला उठला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उचलली.

दुसऱ्या फेरीत शिरलो. टक, टक, टरक्क-टक. फिडलवाल्या बाईंनी वर पाहिलं नाही, ही चांगली गोष्ट. तिसऱ्या धुनेच्या शेवटी मला तिय्या मारायचा जबरदस्त मोह झाला, सवयच ती. हात मांडीवर दाबून धरला. बौरानवाला परत आला तसा मी थांबलो.

रात्री ११

आजोबांना घरी सोडताना गाडीत ॲबीफीलचा विषय निघाला. लिमरिक परगण्यातल्या या गावी मेच्या सुरुवातीला जत्रेसारखा संगीतोत्सव भरतो आणि त्यात हाडांची अखिल आयर्लंड स्पर्धा असते. आजोबा जाणार आहेत, परीक्षकांना शिव्या घालायला, असं त्यांचंच म्हणणं. मी येऊ का विचारलं.

“ये. गाडी तुझी.”

दार लावता लावता त्यांनी पुढच्या गुरुवारचं सांगितलं: स्लिप जिग. नऊ मात्रा, तीन-तीन-तीन. नऊ मात्रांचा ताल माझ्या हाताने कधी वाजवलेला नाही, त्यामुळे आधार घ्यायला दादराही नाही आणि केरवाही. परतीच्या रस्त्यावर स्टिअरिंगवर बोट आपटत मोजत होतो. आठनंतर दर वेळी एक उरत होता.