छपरावरची वीज आणि बोर्डाची तार

(द्वितीय वर्ष, कला)

सूर्य हा सृष्टीचा पोशिंदा, हे आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. आता तो घरातला पंखाही फिरवू लागला आहे. गावोगावी स्लॅबवर निळ्याकाळ्या पट्ट्या दिसतात आणि 'यांना आता बोर्डाची गरज नाही' असे लोक सहज बोलून जातात. (२००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, तरी आपल्या तोंडी अजून 'बोर्ड'च आहे.) वास्तविक या घरांचे बोर्डाशी असलेले नाते तुटत नाही, उलट ते दुहेरी होते. ते कसे, हे सांगण्याचा हा प्रयत्न. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु घरात वीजबिल वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हा विषय मला टाळता आला नाही.

ऊन पॅनेलवर पडले की त्यातील सिलिकॉनमधून वीज निघते. ही वीज बॅटरीच्या विजेसारखी एकाच दिशेने वाहणारी असते. बोर्डाच्या तारेतील वीज मात्र सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते आणि घरात साधारण २३० व्होल्टने येते. या दोघींची गाठ घालून देणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. लेझमाचा ताफा रंगात आलेला असताना एखाद्याला मध्येच सामील व्हायचे असेल, तर तो आधी हलगीचा ठेका ऐकतो आणि मग पाऊल टाकतो. इन्व्हर्टरही तेच करतो. तो तारेतील विजेचा ठेका व दाब मोजतो, आपली वीज त्याच तालावर आणतो आणि मगच जोडला जातो.

तयार झालेली वीज प्रथम घरातच वापरली जाते. उरलेली तारेवर जाते आणि शेजारपाजारच्या घरांत खर्च होते. रात्री पॅनेल निजलेले असते, तेव्हा आपण बोर्डाची वीज घेतो. या देवाणघेवाणीसाठी साध्या मीटरच्या जागी आलेली व गेलेली वीज वेगवेगळी नोंदवणारा मीटर बसवतात. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. डेअरीत घातलेले दूध आणि तिथून उचललेली पेंड यांचा हिशेब जसा एकाच कार्डावर होतो, तसाच हा प्रकार. घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा होतात. जास्त दिली असतील तर पुढच्या बिलात धरली जातात. मात्र स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून बिल अगदी शून्य होईल असे समजू नये. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने यासाठी २०१५ साली नियम केले आणि २०१९ साली त्यांच्या जागी नवे आणले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बोर्डाची लाइट गेली, की भर दुपारी रखरखीत ऊन असतानाही हा साधा इन्व्हर्टर बंद पडतो. पैसे घालून बसवणाऱ्याला ही फसवणूक वाटते. पण तिच्यामागे एका माणसाचा जीव आहे. वायरमन लाइन बंद करून खांबावर चढलेला असतो. त्याच वेळी आपल्या छपरावरची वीज तारेत शिरली आणि डीपीतून उलटी गेली, तर ज्या तारेला तो मेलेली समजतो ती जिवंत होईल. म्हणून तारेतील ठेका थांबताच इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत अंग काढून घ्यावे, असे बंधन आहे. लाइट गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि त्या वेळी घर तारेपासून तोडून ठेवणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च अर्थातच अधिक.

थोडा हिशेबही पाहू. १ किलोवॅटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिटे मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले. ते संच बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यानंतर खात्यात जमा होते. म्हणजे आधीची तजवीज आपल्यालाच करावी लागते.

इथेच आपल्यासारख्यांची घरे अडतात. कुणाच्या डोक्यावर जुने पत्रे, कुणाचे बिऱ्हाड भाड्याचे, तर कुणाचा मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. नावाची दुरुस्ती केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. शिवाय ज्याच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा, त्याचे बिल मुळातच लहान. त्याने शेजाऱ्याचे पाहून कर्ज काढण्यापूर्वी वर्षभराची बिले समोर मांडून बेरीज करावी, हे बरे.

विकायला येणारा मनुष्य 'वीज फुकट' एवढेच सांगतो. लाइट गेल्यावर काय होईल, अर्थिंग कसे करणार, बिघाड झाल्यास कोण येणार, हे आपण विचारायचे असते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कागद वाचू शकणारी ही पहिलीच पिढी आहे. वडिलांनी सही करण्यापूर्वी तो करार त्यांना ओळीने वाचून दाखवला, तरी आपल्या कॉलेजात येण्याचे थोडे सार्थक झाले असे मी म्हणेन.