२७ हजार वर्षे, २४ दिवस, दीड तास

४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की उत्तर येतं १.३३३८२०४४९. १९९४ साली विकल्या जाणाऱ्या इंटेलच्या पेन्टियम चिपवर हाच भागाकार केला, की यायचं १.३३३७३९०६८. म्हणजे चौथ्या दशांश स्थळालाच चूक. हे उत्तर भाजकाने पुन्हा गुणून मूळ संख्येतून वजा केलं, तर शून्याऐवजी २५६ उरायचे.

मार्च १९९३ मध्ये आलेल्या या चिपमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. ती घडवणाऱ्यांत अग्रभागी असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. भागाकार वेगाने व्हावा म्हणून चिपच्या पोटात एक तक्ता कोरलेला होता. भागाकाराचा पुढचा अंक कोणता घ्यायचा, हे चिप त्या तक्त्यात पाहून ठरवायची. २०४८ घरांच्या या तक्त्यात १०६६ घरं भरलेली असायला हवी होती. त्यांपैकी ५ रिकामी राहिली. बहुतेक भागाकार त्या पाच घरांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून दोष लपून राहिला.

तो जगापुढे आणला व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइस्ली यांनी. ते जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीपाशी आकडे जुळेनात. प्रोग्राम, कम्पायलर, मदरबोर्ड असा एकेकावरचा संशय त्यांनी महिनोन्‌महिने खपून दूर केला आणि ३० ऑक्टोबर १९९४ रोजी काही जाणकारांना ई-मेल धाडला. इंटेलच्या अभियंत्यांना हा दोष त्याच उन्हाळ्यात सापडला होता. पुढच्या चिपमध्ये दुरुस्ती व्हायची होती. आधीच्या विकल्या जात राहिल्या.

बातमी फुटल्यावर इंटेलने गणित मांडलं. कोणत्याही दोन संख्या घेतल्या, तर ९ अब्ज भागाकारांत एखादाच चुकतो. स्प्रेडशीट वापरणारा सामान्य माणूस दिवसाला हजारभर भागाकार करतो, असं धरलं की ९० लाख दिवस होतात, म्हणजे ढोबळमानाने २५ हजार वर्षे. इंटेलने जाहीर केलेला आकडा २७ हजार वर्षांचा होता. एवढं मागे गेलं, तर माणूस शेतीही करत नव्हता. ज्याला चिप बदलून हवी असेल, त्याने आपलं काम खरंच तेवढ्या काटेकोर गणिताचं आहे हे पटवून द्यावं, अशी कंपनीची भूमिका होती.

१२ डिसेंबरला आयबीएमने पेन्टियमवाले संगणक पाठवणं थांबवलं आणि स्वतःचा हिशेब जाहीर केला. स्प्रेडशीट पुन्हा आकडेमोड करते, तेव्हा सेकंदाला ५ हजार भागाकार होतात. रोज पाव तासाच्या आसपास असं काम चाललं, तर दिवसाचे ४२ लाख. शिवाय हिशेबातल्या संख्या कशाही विखुरलेल्या नसतात. पूर्णांकाला अगदी खेटून असलेल्या संख्या तिथे वारंवार येतात, आणि नेमक्या त्याच सदोष घरांकडे जातात. म्हणून चुकीचं प्रमाण १० कोटींत एक. त्यावरून निघाले २४ दिवस. ज्या कंपनीत असे ५०० संगणक असतील, तिथे दिवसाला वीसेक चुका.

एकच चिप, एकच दोष, आणि दोन उत्तरांत जवळजवळ ४ लाख पटींचं अंतर! ते आलं कुठून, हे शोधणं सोपं आहे. एका दिवसातल्या भागाकारांच्या अंदाजात ४२०० पट फरक, चुकीच्या प्रमाणात ९० पट. दोहोंचा गुणाकार ३ लाख ७८ हजार. आयबीएम पॉवरपीसी ही चिप पुढे आणत होती, तेव्हा तिचा स्वार्थ यात होताच. पण इंटेलच्याच ९ अब्जांवरून तिसरं उत्तरही काढता येतं. ६६ मेगाहर्ट्‌झच्या पेन्टियमला सर्वाधिक अचूकतेच्या एका भागाकाराला ३९ ठोके लागत, म्हणजे सेकंदाला साधारण १७ लाख भागाकार. दुसरं काहीही न करता ती नुसती भागत बसली, तर ९ अब्जांचा टप्पा दीड तासात गाठते. नाइस्लींसारख्यांचे संगणक अशाच कामाला जुंपलेले असतात.

माझ्या मते इंटेलचं गणित चुकलं नव्हतं, पण ते कोणासमोर मांडतो आहोत हे कंपनीला उमगलं नव्हतं. समोर होता सामान्य ग्राहक, आणि त्याला इंटेलने स्वतःच आपल्या दारी आणलं होतं. १९९१ मध्ये ‘३८६’ या तिच्या चिपच्या आकड्यावर कोणाचीही मालकी असू शकत नाही, असं अमेरिकेतल्या न्यायालयाने म्हटल्यावर कंपनीला नावाची निकड भासली. त्याच वर्षी कंपनीतल्या डेनिस कार्टर यांच्या पुढाकाराने ‘इंटेल इनसाइड’ ही जाहिरात योजना सुरू झाली. संगणक बनवणाऱ्याने जाहिरातीत ते चिन्ह लावलं, की चिपच्या किमतीतला ठरावीक हिस्सा जाहिरातखर्चासाठी त्याला परत मिळे. वर्ष सरेपर्यंत सुमारे ३०० उत्पादक सामील झाले. पत्र्याच्या डब्यात, कोणाच्या नजरेला न पडणारी वस्तू घरोघरी नावाने मागितली जाऊ लागली. मार्केटिंगच्या इतिहासात एवढी धाडसी आणि एवढी फळलेली खेळी मला दुसरी आठवत नाही.

अभियंत्याला ९ अब्जांत एक हे प्रमाण पुरतं. नाव पाहून पैसे मोजलेल्या माणसाला ‘तुमचं काम एवढं महत्त्वाचं नाही’ असं ऐकवलं, की तो दुखावतो, आणि ते रास्तच आहे. इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात हे मोकळेपणाने मांडलं आहे: ज्यांना कंपनीने कधी थेट काही विकलंच नव्हतं, ते लोक तिच्याकडे जाब मागत होते.

२० डिसेंबरला इंटेलने कोणताही प्रश्न न विचारता चिप बदलून द्यायचं जाहीर केलं. त्यापोटी ताळेबंदात मांडलेला खर्च ४७ कोटी ५० लाख डॉलर. त्या वर्षीची कंपनीची उलाढाल सुमारे साडेअकरा अब्ज डॉलरची होती. म्हणजे शंभर डॉलरमागे चार डॉलर पाच रिकाम्या घरांपायी गेले. प्रत्यक्षात चिप बदलून घ्यायला घरगुती ग्राहक फारच थोडे आले.

पुढे इंटेल आपल्या चिपमधल्या ज्ञात दोषांच्या याद्या उघडपणे प्रसिद्ध करू लागली. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज या तिच्या प्रोसेसरच्या जोडीच्या चिपसेटमध्ये खोट आढळली. त्यातले काही पोर्ट काही वर्षांनी मंदावण्याची शक्यता होती, तीही थोड्याच संगणकांत. या वेळी ग्राहकाकडे कोणी पुरावा मागितला नाही. कंपनीने पुरवठा थांबवला आणि दुरुस्ती व बुडालेली विक्री मिळून सुमारे १ अब्ज डॉलरचा फटका बसेल, हे आपणहून सांगून टाकलं.