पाहुणचाराचा सरंजाम

घरी चार पाहुणे जेवावयास येणार असता नवा डिनरसेट खरेदी करण्याची निकड भासते खरी. परंतु ताटे, तांब्या-फुलपात्रे आणि वाढावयास डाव, पळी व ओगराळे एवढा सरंजाम सिद्ध असला, म्हणजे पंगतीस काही न्यून राहत नाही. वाट्या मात्र माणशी दोन हव्यातच. आमटीच्याच वाटीत ताक घेण्याची पाळी पाहुण्यावर आणणे, हे अगत्याचे लक्षण खचित नव्हे. पितळी भांडी काढावयाची असल्यास त्यांची कल्हई प्रथम तपासावी, कारण कथिलाचा तो पातळ लेप झिजला, की ताक अथवा आमसुलाचे सार यांतील आम्लाची धातूवर क्रिया होऊन पदार्थ कळकतो आणि अपायकारकही ठरतो. ऐन वेळी ताटे अपुरी पडल्यास केळीची पाने आणावीत. उसन्या ताटांपेक्षा ती केव्हाही बरी.