पन्नास हजार, अडीचशे, एक

एक कोटी प्रौढ माणसांची एचआयव्ही चाचणी करायची आहे असं धरू. भारतातल्या प्रौढांमध्ये या संसर्गाचं प्रमाण साधारण 0.2 टक्के आहे. म्हणजे या कोटीत 20 हजार जणांना संसर्ग असणार आणि 99 लाख 80 हजारांना नसणार. चाचणीही चांगल्यातली घेऊ: संसर्ग असलेल्या हजारांतल्या 995 जणांना ती बरोबर पकडते, आणि संसर्ग नसलेल्या हजारांतल्या 995 जणांना बरोबर मोकळं सोडते. जाहिरातीत हिला 'साडेनव्व्याण्णव टक्के अचूक' म्हणतील, आणि त्यात खोटं काही नसेल.

आता मोजू. 20 हजारांपैकी 19,900 जण पॉझिटिव्ह आले, 100 निसटले. इथवर ठीक. दुसऱ्या बाजूला हजारी पाचच चुका, पण तिथे हजार आहेत 9,980. त्यामुळे संसर्ग नसताना हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट पडलेली माणसं झाली 49,900. वानखेडे स्टेडियम काठोकाठ भरून बाहेर तेवढ्याच्या निम्मी गर्दी उभी राहील, इतकी. एकूण पॉझिटिव्ह 69,800 आणि त्यातले खरे 19,900. साडेनव्व्याण्णव टक्के अचूक चाचणीने 'आहे' म्हटलेल्या शंभरांपैकी एकाहत्तर-बहात्तर जणांना काहीच झालेलं नाही.

पहिल्यांदा हे गणित पाहणाऱ्याला कुठेतरी लबाडी असल्यासारखं वाटतं. लबाडी नाही. आजार दुर्मीळ असला की निरोगी माणसांचा ढीग इतका मोठा असतो की त्यातली चिमूटभर चूकसुद्धा खऱ्या रुग्णांच्या संख्येला मागे टाकते.

या 69,800 जणांची दुसरी चाचणी करा, तितकीच अचूक पण वेगळ्या पद्धतीची. 49,900 चुकीच्या पॉझिटिव्हांपैकी उरतात सुमारे 250. तिसरी करा, उरतो एक. पन्नास हजार, अडीचशे, एक. अट एवढीच की तिन्ही चाचण्यांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. तेच किट तीनदा वापरलं तर तीच चूक तीनदा हाती येऊ शकते. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, वेगवेगळे प्रतिजन किंवा वेगवेगळी तत्त्वं वापरणाऱ्या चाचण्या मागते. तिच्या नियमांत आणखी एक शहाणपण आहे. रक्तपेढीत एकच चाचणी पॉझिटिव्ह आली तरी पिशवी बाद होते, कारण चूक झालीच तर एक पिशवी जाईल. लक्षणं असलेल्या रुग्णाच्या निदानाला दोन चाचण्या लागतात. काहीही लक्षण नसलेल्या माणसाला 'तुम्हाला एचआयव्ही आहे' असं सांगण्याआधी तीन.

लक्षणं असलेल्याला दोन आणि नसलेल्याला तीन, असं का? कारण चाचणीच्या आधीची शक्यता दोघांची सारखी नाही. ज्या गटात शंभरांपैकी वीस जणांना संसर्ग आहे, तिथली हजार माणसं घ्या. संसर्ग असलेल्या 200 पैकी 199 पॉझिटिव्ह येतील, उरलेल्या 800 पैकी 4. इथे पॉझिटिव्ह रिपोर्ट 98 टक्के खरा. तीच चाचणी, कदाचित तेच यंत्र आणि तोच तंत्रज्ञ, कागदावर तोच शब्द, आणि अर्थ एकीकडे 28 टक्के तर दुसरीकडे 98. ही आधीची शक्यता रिपोर्टवर कुठेच छापलेली नसते. ती डॉक्टरच्या प्रश्नांतून येते: खोकला किती दिवस, वजन किती उतरलं, घरात कुणाला काय झालं होतं. मला वाटतं, निदानातला सर्वांत मोलाचा आकडा हाच आहे, आणि तो लॅबमध्ये मिळत नाही.

डॉक्टरांनाही हे सहज जमत नाही. 1978 साली हार्वर्डमध्ये 60 डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना विचारलं गेलं: आजार हजारात एकाला, चाचणी निरोगी माणसांत 5 टक्के वेळा चुकते; पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? हजारांत खरा एक आणि चुकीचे पन्नास, म्हणून उत्तर सुमारे 2 टक्के. ते 11 जणांना आलं. 27 जण म्हणाले 95 टक्के. 2014 साली हाच प्रश्न 61 जणांना विचारल्याचं प्रसिद्ध झालं. 95 टक्के म्हणणारे पुन्हा 27 होते.

ही आकडेमोड चुकली की काय होतं, ते भारताने टीबीच्या बाबतीत भोगलं आहे. रक्तातली प्रतिपिंडं पाहून टीबी ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या आपल्याकडे खासगी दवाखान्यांतून सर्रास लिहून दिल्या जात. अंदाज होता वर्षाला 15 लाख चाचण्यांचा आणि दीड कोटी डॉलर खर्चाचा. बेडका तपासण्यापेक्षा हे सोपं, स्वच्छ आणि आधुनिक वाटे. अडचण अशी की टीबीचे जंतू शरीरात निद्रिस्त असलेली, पण आजारी नसलेली माणसं या देशात कोट्यवधी आहेत. नुसती प्रतिपिंडं दिसली म्हणून आज आजार आहे असं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 94 अभ्यास तपासले. फुप्फुसाच्या टीबीत रुग्ण पकडण्याची क्षमता कुठल्या अभ्यासात शून्य टक्के तर कुठल्या अभ्यासात शंभर. निरोगी माणसाला बरोबर सोडण्याची क्षमता 31 पासून 100 टक्क्यांपर्यंत. एवढा पसारा असलेल्या आकड्याच्या भरवशावर कुणाला औषध सुरू करायचं?

अभ्यास कुणावर केला, यानेही आकडे बदलतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1999 साली दाखवलं की एका बाजूला ठळकपणे आजारी आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसं घेऊन चाचणी पारखली, तर तिची ताकद मोजणारं गुणोत्तर सुमारे तिपटीने फुगतं. दवाखान्यात मात्र येतो तो अधलामधला माणूस, तीन आठवडे खोकणारा, ज्याला दमा असेल, टीबी असेल किंवा नुसतीच सर्दी लांबलेली असेल. पारख व्हायला हवी ती अशाच लोकांवर.

भारतातल्या 15 लाख संशयित रुग्णांवर पहिली चाचणी म्हणून बेडक्याऐवजी ही रक्तचाचणी वापरली तर काय होईल, याचं गणित 2011 साली मांडलं गेलं. टीबीचे 14 हजार रुग्ण जास्त सापडतील, पण टीबी नसताना टीबीचा शिक्का बसलेले 1 लाख 21 हजार जण वाढतील, आणि वाढीव खर्च जवळजवळ चौपट होईल. त्यातल्या एकेकाच्या वाट्याला किमान सहा महिन्यांच्या गोळ्या, यकृतावरचा ताण, घरातल्या वेगळ्या ताटवाट्या, मोडलेली सोयरीक. माझ्या लेखी हा आकडा केवळ संख्याशास्त्राचा नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून 2012 मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद केली.

बंदी घालता येत नाही अशाही गोष्टी आहेत. सत्तर चाचण्यांचं हेल्थ चेकअप पॅकेज घ्या. अनेक तपासण्यांची 'नॉर्मल रेंज' अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी मधले 95 टक्के तिच्यात बसावेत. उरलेले पाच टक्के निरोगीच असतात, पण त्यांच्या आकड्याखाली ठळक खूण येते. एका चाचणीला ही शक्यता 5 टक्के. वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एक तरी खूण उमटण्याची शक्यता 64 टक्के. सत्तरांत 97. म्हणजे शंभर धडधाकट माणसं आत गेली तर तिघांनाच कोरा रिपोर्ट मिळेल. प्रत्यक्षात बऱ्याच चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. दिशा तीच राहते. मग त्या खुणेच्या मागे पुन्हा रक्त, सोनोग्राफी, सीटी.

दक्षिण कोरिया या वाटेने फार पुढे गेला. 1999 साली तिथे राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली आणि थोडे जास्त पैसे दिले की गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. 2011 मध्ये थायरॉइड कर्करोगाचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात 40 हजारांहून अधिक जणांना हे निदान मिळालं. या कर्करोगाने वर्षाला दगावणाऱ्यांची संख्या मात्र चारशेच्या आतच होती आणि मृत्युदर जागचा हलला नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या गाठी खऱ्या होत्या, कर्करोगही खरा होता. पण निदान एक तृतीयांश प्रौढांच्या थायरॉइडमध्ये असे बारीक कर्करोग असतात आणि बहुतेकांना ते जन्मभर काहीही करत नाहीत. निदान झालेल्या जवळपास सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांना कायमची हार्मोनची गोळी लागली, शंभरात अकरा जणांचं कॅल्शियमचं संतुलन बिघडलं, शंभरात दोघांच्या स्वरतंतूंना पक्षाघात झाला. 2014 साली तिथल्याच काही डॉक्टरांनी एकत्र येऊन, निरोगी लोकांची ही तपासणी थांबवा, असं जाहीरपणे सांगितलं. पुढच्या वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया 35 टक्क्यांनी घटल्या.