गोळी सुटण्याआधीच हात खाली जातो

अमेरिकेतल्या नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांची एक जुनी परीक्षा घेतात. प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या नकळत मॅगझिनमधल्या खऱ्या काडतुसांत एखादं नकली, बिनदारूचं काडतूस सरकवून ठेवतो. विद्यार्थी एक गोळी झाडतो, दुसरी झाडतो. तिसऱ्यांदा चाप ओढतो तेव्हा नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. स्फोट नाही, झटका नाही, तरीही पिस्तुलाची नळी चटकन खाली झुकलेली शेजारच्यालाही दिसते. तो हिसका विद्यार्थ्याच्याच मनगटाने दिलेला असतो.

यामागचा काळाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या दहा सेंटिमीटर लांब नळीतून गोळी बाहेर पडायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. मोठ्या आवाजाने पापणी मिटू लागते ती ३० ते ४० मिलिसेकंदांनी. म्हणजे माणूस दचकेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते. त्या दचकण्याने त्या गोळीचा नेम बिघडत नाही. बिघडतो तो पुढच्या गोळीचा. कारण मेंदू आता धडा शिकलेला असतो. भरलेली समजून उचललेली रिकामी कळशी हातात एकदम वर उसळते, कारण वजनाचा अंदाज बांधून स्नायूंनी जोर आधीच लावलेला असतो. हे आगाऊ अंदाज बसवण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. पिस्तुलाची नळी वर उडणार, हे त्याला एकदा कळलं की ती खाली दाबायची आज्ञा चाप सुटण्याच्या क्षणाआधीच निघते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली डावीकडे जमू लागल्या, की प्रशिक्षक सहसा आधी हाच संशय घेतो.

हा दोष कुठल्याही पिस्तुलावर दिसतो. पण कपड्यांखाली लपवून बाळगायच्या छोट्या पिस्तुलावर तो जास्त बोचतो, आणि नेमकी हीच पिस्तुलं आज अमेरिकेत घराघरांत जात आहेत. २३ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात स्वसंरक्षणासाठी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीने परवान्यासाठी ‘सबळ गरज’ दाखवण्याची अट दुसऱ्याच दिवशी सोडून दिली. देशातल्या अर्ध्याहून अधिक राज्यांत तर आता परवानाही लागत नाही.

खिशातल्या पिस्तुलाची हौस मात्र जुनी. जॉन ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कोटाच्या खिशात मावणारी पिस्तुलं घडवली होती. १९९४ साली अमेरिकेने नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली. ती दहा वर्षं टिकली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर मोठं पिस्तूल कशाला, असा विचार ग्राहक आणि कारखानदार दोघेही करू लागले. पुढची मोठी उडी २०१८ सालची. सिग सावर कंपनीच्या पी-३६५ मध्ये मॅगझिनच्या बुडाशी काडतुसं दाटीवाटीने दोन रांगांत बसतात आणि वर येता येता त्यांची एकच रांग होते. त्यामुळे साधारण एक इंच जाडीच्या पिस्तुलात दहा गोळ्या मावल्या.

आकार कमी झाला, पण काडतूस तेच राहिलं, आणि सगळी मेख इथेच आहे. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने पुढे जाते, तेव्हा तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे ढकलतो. ग्लॉक-१९ हे १९८८ पासून चालत आलेलं मध्यम पिस्तूल भरल्यावर सुमारे ८५० ग्रॅम भरतं. पी-३६५ सुमारे ६५०. दारूच्या वायूंचा वाटा बाजूला ठेवून गणित मांडलं, तर पहिलं पिस्तूल सेकंदाला ३.३ मीटर वेगाने मागे येतं, दुसरं ४.३ मीटरने. हाताला पचवावी लागणारी ऊर्जा ४.६ ज्यूलवरून सहा ज्यूलवर जाते. आखूड नळीत गोळीचा वेग थोडा घटतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक काहीसा कमी. पण हाताला तो जाणवल्याशिवाय राहत नाही. त्यात मूठ आखूड, म्हणून करंगळीला जागा नाही. कुदळ किंवा कोयता धरणाऱ्याला ठाऊक असतं की मुठीची पकड करंगळी आणि अनामिकेवर किती अवलंबून असते. त्यातली एक हवेत लोंबकळली, की नळी अधिकच उसळते.

चापाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. अशा पिस्तुलांचा चाप ओढायला बहुधा अडीच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि पिस्तूल स्वतः असतं अर्ध्या-पाऊण किलोचं. आपल्या वजनाच्या तीन ते पाच पट ओढ सोसताना ते जागचं हलू नये, ही अपेक्षाच अवघड. नेम धरण्यासाठीच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं, म्हणजे साइटमधलं, अंतरही कमी होतं. दोन साइटमध्ये १५० मिलिमीटर अंतर असेल आणि जुळणीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर गोळी सुमारे ६.७ सेंटिमीटर चुकते. तेच अंतर १३० मिलिमीटर असेल तर ७.७.

म्हणून दुकानात हातात घेतल्यावर जे सर्वांत गोंडस वाटतं, ते नवशिक्यासाठी बहुतेकदा चुकीचं पिस्तूल असतं. लपवण्याचा मुद्दाही लोक उलटा समजतात. नळी पट्ट्याच्या खाली पँटच्या आत जाते. ती दोन सेंटिमीटर लांब असली तरी कुणाला कळत नाही. शर्टातून उमटून दिसते ती मूठ. नीट बसणारा होल्स्टर आणि जाड पट्टा घेतला, तर ग्लॉक-१९ एवढं पिस्तूलही अनेकांच्या अंगावर दिसत नाही. अनेक रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी दोन-तीन पिस्तुलांवर ५०-५० गोळ्या झाडून पाहणं हा सर्वांत शहाणा खर्च. बोटांत जोर कमी असेल किंवा संधिवात असेल, तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचता येते का, हे आधी पाहावं. छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग बहुधा कडक असते. अशाच ग्राहकांसाठी स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये ‘शील्ड ईझी’ बाजारात आणलं, तेही .३८० या सौम्य काडतुसासाठी.

मग सवय कशी लावायची? कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकली. तो प्रकार .२२ च्या हलक्या काडतुसाचा आणि पिस्तूलही मोठं, पण स्पर्धेतल्या नेमबाजांचा एक सराव इथे जसाच्या तसा लागू पडतो: ड्राय फायरिंग. पिस्तूल रिकामं करायचं, ते दोनदा तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि भक्कम भिंतीकडे नेम धरून चाप ओढायचा. पुढच्या साइटपाशी स्लाइडवर एक नाणं ठेवतात. ते पडलं तर हात हलला. स्फोटाविना शेकडो वेळा चाप ओढला, की मेंदूचा अंदाज हळूहळू बदलतो. रेंजवर कानात बोळे आणि वर इअरमफ, अशी दुहेरी काळजी घ्यावी. पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि दचकण्याला खतपाणी तोच घालतो.

नेमाइतकाच होल्स्टर महत्त्वाचा. चाप पूर्ण झाकणारा, कडक होल्स्टर नसेल तर पिस्तूल कमरेला लावूच नये; शर्टाचं टोक किंवा दोरी अडकूनही चाप ओढला जातो. अंगावरून काढलेलं पिस्तूल कुलूपबंद पेटीतच जायला हवं. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. चोराच्या भीतीने आणलेलं शस्त्र घरातल्याच खचलेल्या माणसाच्या किंवा मुलाच्या हाती पडू नये, याची व्यवस्था पिस्तूल निवडण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

छोट्या पिस्तुलावर ५० गोळ्या झाल्या की हात थकतो, तळव्याची कातडी हुळहुळते आणि गेलेला हिसका परत येऊ लागतो. जाणता प्रशिक्षक तिथे थांबवतो. काडतुसं बाजूला ठेवायला लावतो, पिस्तूल स्वतः तपासतो आणि शेवटचे दहा चाप रिकाम्या पिस्तुलावर ओढून घेतो. विद्यार्थी घरी जातो तो नळी स्थिर राहिल्याची आठवण हातात घेऊन.