हाकेला उभे राहण्याचे मोल

आपल्या चळवळीत मजुरीच्या दराची चर्चा पुष्कळ झाली. मजुरीच्या वेळेची चर्चा त्या मानाने थोडी झाली. किती पैसे मिळतात हे आपण विचारतो. किती तासांचे मिळतात हे विचारायचे राहून जाते. जी स्त्री दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचे मूल सांभाळते, तिच्या बाबतीत तर हा दुसरा प्रश्नच पहिला आहे. धुण्याभांड्याचे काम उरकले की संपते. मूल सांभाळण्याचे काम मुलाचे आईबाप घरी येईपर्यंत संपत नाही, आणि ते केव्हा येणार हे तिच्या हातात नसते. म्हणून जादा तासाचा प्रश्न येथे जितका तीव्र आहे तितका इतर घरकामात नाही.

माझी आई धुणीभांडी करीत असे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात शिकवतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. तेथे बाया वह्या घेऊन येतात, आणि त्या वह्यांवरूनच हा लेख लिहितो आहे.

प्रथम एक शब्द तपासू. मालकीणबाई म्हणतात, “मावशी, तुम्ही काय परक्या आहात? घरच्याच आहात.” हे वाक्य बहुधा सायंकाळी सहानंतर उच्चारले जाते. सकाळी चहाचा कप वेगळा ठेवताना, किंवा इमारतीची वेगळी लिफ्ट दाखवताना, ते कोणाला आठवत नाही. ‘घरचे’पण येथे वेळेपुरते दिले जाते आणि त्या वेळेचे दाम चुकवण्यासाठी दिले जाते. घरच्या माणसाला कोणी तासाचे पैसे देत नाही. म्हणून तिला घरचे म्हणायचे. तिला मुलाचा लळा असतो, हे खरेच आहे. पण लळा हा पगारातून कापून घेण्याचा जिन्नस नव्हे. शिक्षकाला विद्यार्थ्यांविषयी जिव्हाळा असतो म्हणून त्याचा पगार कोणी कमी करीत नाही.

दुसरा शब्द ‘खाडा’. एक दिवस न आल्यास किती कापायचे हे प्रत्येक घरात ठाऊक असते. महिन्याचा पगार दिवसांनी भागायचा आणि एक दिवस वजा करायचा. म्हणजे वेळेचा हिशेब या घरांना येत नाही असे नाही. तो वजाबाकीत येतो, बेरजेत येत नाही. वाटाघाटीला बसणाऱ्या बाईने हा मुद्दा मनात पक्का धरावा. ती नवे काही मागत नसते. मालकाच्याच हिशेबाची दुसरी बाजू पुढे ठेवत असते.

आपल्या लोकांना ही रीत नवीन नाही. महारकीच्या वतनात नेमके हेच होते. काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही. दिवसा वा रात्री हाक आली की जायचे, आणि वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला तुटपुंजा आणि तोही गावाच्या मर्जीचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे या अमर्याद सेवेविरुद्धची तक्रार होती. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. हाकेला उभे राहणे मात्र संपले नाही. ते गावच्या चावडीतून शहरातल्या सदनिकेत आले.

त्याच्या उलट बाजूचा इतिहासही आपलाच आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४६ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणे आणि जादा कामाला दुप्पट दर देणे, ही त्यातील मुख्य कलमे होती. दुप्पट का? कारण थकलेल्या शरीराचा नववा तास हा पहिल्या तासासारखा नसतो. आणि महाग पडल्याशिवाय मालक जादा काम करून घेण्याचे थांबवत नाही. हा दर एकाच वेळी मोबदलाही असतो आणि लगामही.

हा लगाम घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या दुपटीहून कमी नसावा असे म्हटले आहे. परंतु तिची भाषा ‘आस्थापने’ची आहे, आणि औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत; कामाचे तास वा जादा तासाचा दर त्याने ठरवलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती या बाबतीत घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असे तो सांगतो. घरच्या हाकेसाठी अडकून पडलेला वेळ हाही, देशाचा कायदा ठरवील त्या मर्यादेत, कामाचाच वेळ मानावा असेही त्यात आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले.

मग कायद्याची वाट पाहत बसायचे काय? १९८० साली पुण्याच्या मोलकरणी संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता. पगारवाढ आणि सुट्टी त्यांनी एकजुटीने मागितली, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. हक्क आधी व्यवहारात येतो. कायदा मागून येतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. आमच्या वस्तीतील एका मावशींचा पगार १५,६०० रुपये, काम सकाळी दहा ते सहा, रविवारी सुट्टी. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाचे ६०० रुपये, आठ तासांनी भागल्यास तासाचे ७५. एका महिन्यात ११ दिवस त्या आठ वाजेपर्यंत थांबल्या. म्हणजे जादा तास २२. दुप्पट दराने त्यांचे ३,३०० रुपये होतात, साध्या दराने १,६५०. त्यांना मिळाले ५०० रुपये आणि वापरलेली एक साडी. साडी ही बक्षिसी झाली. बक्षिसी दिली की मजुरी फिटत नाही.

हा हिशेब वहीत होता म्हणून मांडता आला. म्हणून पहिली गोष्ट वही: तारीख, आल्याची वेळ, निघाल्याची वेळ. लिहिता येत नसेल तर मुलीने लिहावे. दुसरी गोष्ट, काम धरतानाच तास बोलून घ्यावेत. “दिवसभराचे काम” असे कधीही मान्य करू नये. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे ठरवावे. तिसरी, बोलण्याची वेळ निवडावी. मूल रडत असताना वा पाहुण्यांसमोर नव्हे. पगाराच्या दिवशी, दोघींनाही बसायला सवड असताना. चौथी, शब्द साधे असावेत: “ताई, सहानंतरचा वेळ माझ्या कामात नाही. तुम्हाला उशीर होणार असेल तर मी थांबेन. पण त्या तासाचे वेगळे द्यावे लागतील, आणि आदल्या दिवशी सांगावे लागेल.” विनवणी नको, भांडणही नको. बाहेरगावच्या सहलीला मुलाबरोबर नेतात तेव्हा ‘फिरायला नेले’ असे सांगतात. रात्री मुलाशेजारी निजणे हेसुद्धा कामच आहे, हे तेव्हाही बोलून घ्यावे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: एकटीने जाऊ नये. त्या इमारतीतील दुसरी बाई कमी दरात थांबायला तयार असेल तर पहिलीची वही व्यर्थ आहे.

या मावशींनी इमारतीतील आणखी दोघींशी आधी बोलून घेतले आणि तिघींनी एकच दर सांगितला. एका घराने “दुसरी बाई पाहू” म्हटले. चार दिवस पाहिली, मिळाली नाही. शेवटी सहानंतर तासाला १०० रुपये, आणि आठच्या पुढे उशीर झाल्यास रिक्षाचे भाडे, असे ठरले. हे दुप्पट नव्हे. परंतु सहा वाजल्यानंतरच्या वेळेला किंमत आहे हे त्या घरांनी मान्य केले, आणि गंमत अशी की त्यानंतर त्यांचा उशीर कमी झाला. लगामाचे काम असे चालते.

काही कार्यकर्ते विचारतात, शंभर रुपयांच्या या झगड्यात क्रांती कुठे आहे? त्यांना मी माझ्या वर्गातले सांगतो. आई रात्री उशिरा येते म्हणून थोरली मुलगी भाकरी थापते, धाकट्यांना निजवते. सकाळी ती वर्गात डुलक्या घेते, पुढे पहिल्या तासाला येईनाशी होते, परीक्षेचा अर्ज भरत नाही. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे लागलेला खाडा हा तिच्या आईच्या न मिळालेल्या जादा तासाचाच असतो. म्हणजे तो तास फुकट गेला असे नाही. त्याचे मोल मालकाने मोजले नाही, ते मुलीच्या शिक्षणाने मोजले. एका घरातील मूल सांभाळले जावे म्हणून दुसऱ्या घरातील मूल शाळेबाहेर पडते, आणि दुसरे घर बहुतेक वेळा आपलेच असते.

म्हणून शिक्षक व विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे. ज्यांच्या आया, मावश्या, बहिणी या कामात आहेत, त्यांनी आज संध्याकाळी त्यांना एक वही द्यावी आणि वेळा लिहून ठेवाव्यात. महिना भरला की बेरीज करावी. शेजारच्या चार बायांच्या वह्या एकत्र आणाव्यात. ज्या दिवशी या वह्या एकमेकींना भेटतील, त्या दिवशी एका इमारतीचा दर ठरेल. आणि तसे पुष्कळ दर ठरले म्हणजे कायद्यालाही उंबरठा ओलांडावा लागेल.