न्यायाविना समेट

गावात दलित वस्तीवर हल्ला झाला की काही दिवसांनी समेटाची बैठक बसते. अशा बैठकांना मी हजर राहिलो आहे. तिथली भाषा ठरलेली असते. झाले गेले विसरा, केस मागे घ्या, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहायचे आहे! ज्याचे डोके फुटले त्याने क्षमा करायची, आणि ज्याने फोडले त्याने ती मोठ्या मनाने स्वीकारायची. या व्यवहाराला आपल्याकडे सलोखा म्हणतात. या सलोख्याला 'नाही' म्हणणारा कार्यकर्ता मात्र गाव तोडणारा ठरतो.

या भाषेची कठोर चिकित्सा दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती विचारवंतांनी केली आहे. क्षमा आणि प्रेम ही मूल्ये ज्या धर्माच्या केंद्रस्थानी, त्याच धर्माच्या माणसांनी ती केली, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

त्या देशातील वर्णभेदाचे एक मूळ चर्चमध्ये आहे. प्रभुभोजनाच्या वेळी गोरे आणि काळे एकत्र बसावेत की नाही, असा वाद तिथे होता. आपल्या पंगतीच्या वादाशी त्याचे नाते उघड आहे. डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ सालच्या धर्मपरिषदेने निर्णय दिला, की एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे. परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे अडचण येत असेल तर वेगळी सोय करता येईल. ही दुर्बलता कोणाची? काळ्यांशेजारी बसणे ज्यांना सोसवत नव्हते त्या गोऱ्यांची! तत्त्व समतेचे राहिले आणि सवलत विषमतेला मिळाली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळे चर्चच स्थापन झाले. १९४८ मध्ये वर्णभेदाचे राज्य आले तेव्हा त्याचे पहिले पंतप्रधान डी. एफ. मलान हे याच डच चर्चचे माजी धर्मोपदेशक होते. सवलतीचा कायदा होण्यास शंभर वर्षेही लागली नाहीत.

ज्यांना वेगळे काढले त्यांनीच पुढे या धर्मशास्त्राला उत्तर दिले. १९८२ मध्ये त्या मिश्रवंशीय चर्चने केपटाऊनजवळ बेल्हार येथे नवा विश्वासांगीकार मांडला, आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. अन्याय भरलेल्या जगात देव वंचितांच्या बाजूने उभा राहतो, आणि चर्चनेही तिथेच उभे राहिले पाहिजे, हा त्याचा गाभा.

१९८५ च्या जुलैमध्ये सरकारने आणीबाणी पुकारली. त्याच सप्टेंबरात दीडशेहून अधिक धर्मचिंतकांच्या व कार्यकर्त्यांच्या सह्यांनी 'कैरॉस' हा दस्तऐवज निघाला. कैरॉस म्हणजे निर्णयाची घडी. या दस्तऐवजाने तीन प्रकारची धर्मशास्त्रे वेगळी करून दाखवली. पहिले राज्यसत्तेचे. रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन ते आज्ञापालन शिकवते. दुसरे चर्चचे. ते वर्णभेदाचा निषेध करते, पण दोन्ही बाजूंना सारखाच समेटाचा उपदेश देते. त्याच्या लेखी दगड मारणाऱ्या पोराची ती हिंसा. पोलिसांच्या गोळीला मात्र तो शब्द लागत नाही. तिसरे संदेष्ट्यांचे. ते आधी समाजाचे विश्लेषण करते, जुलूम कोणता व जुलमी कोण हे सांगते, आणि मग बाजू घेते. पश्चात्ताप नाही, न्याय नाही, तिथे समेट म्हणजे अन्यायात सहभाग, असा कैरॉसचा निष्कर्ष आहे. क्षमेला त्याचा विरोध नाही. क्षमा कोणत्या क्रमाने यावी, एवढाच त्याचा आग्रह आहे.

पुढचा इतिहासही डोळसपणे पाहिला पाहिजे. १९९४ मध्ये वर्णभेदाची राजवट संपली. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला. राजकीय गुन्ह्याची पूर्ण कबुली देणाऱ्याला माफी मिळू शकत होती. पश्चात्तापाची अट नव्हती. सत्य बाहेर आले, ही मोठीच गोष्ट. परंतु जमीन आणि संपत्ती यांची विषमता आजही कायम आहे. कैरॉसचा प्रश्न त्या देशातही पुरता सुटलेला नाही.

भारतीय चर्चला हा आरसा टाळता येणार नाही. धर्मांतरानंतरही बसण्याच्या जागा वेगळ्या आणि दफनभूमी वेगळी, हा अनुभव दलित ख्रिस्ती बांधवांनी वारंवार सांगितला आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले. ही कबुली मोलाची आहे. पण कबुली ही सुरुवात असते.

समेटाच्या बैठकीला जाणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मी एवढेच सांगेन, की तिथे बसण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. अन्याय झाला हे करणाऱ्याने कबूल केले आहे काय? नुकसान भरून निघाले आहे काय? उद्या पुन्हा असे घडणार नाही, याची हमी कोण देतो? उत्तरे मिळाली तर जरूर बसा. नाही मिळाली तर केस चालू द्या. गाव आपण तोडलेले नाही. ते तुटलेलेच होते. आपण फक्त तसे म्हटले.